अडुसष्ट जणांना विचारलं, कोर्टात एकच आला

मी स्ट्रक्चरल इंजिनियर, वकील नाही. त्यामुळे वकील मंडळींना पुढचं काही भाबडं वाटलं तर वाटू दे. पण कोर्टात तज्ज्ञ साक्षीदार कसा पोचतो हे मी आतून बघितलंय, आणि खरं म्हणजे कसा पोचत नाही तेच जास्त बघितलंय.

काही वर्षांपूर्वी एका वकिलांचा फोन आला. त्यांचा अशील कॉन्ट्रॅक्टर, त्याने बांधलेल्या इमारतीत एका बाजूच्या कॉलमना तडे गेलेले, मालकाने नुकसानभरपाईचा दावा लावलेला, आणि कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं की शेजारच्या प्लॉटवर खोल खड्डा खणला त्याने जमीन सरकली, आमच्या काँक्रीटला नावं ठेवायचं कारण नाही. मी साइटवर गेलो, कोअर म्हणजे काँक्रीटच्या आतले गोल नमुने काढले, लॅबमध्ये दाबून फोडले, स्ट्रेंग्थ डिझाइनपेक्षा बरीच कमी आली. रिपोर्टात लिहिलं की खोदकामाचा थोडा हातभार असेल पण मुख्य दोष काँक्रीटचा. फी दोन दिवसांत आली, एक पैसा न कापता. वकीलसाहेब फोनवर फार गोड बोलले, "सर, काय डिटेल काम केलंत, गरज पडली की कळवतो." ती गरज काही पडली नाही. पुढे कधीतरी ओळखीतल्या एका इंजिनियरकडून कळलं की त्या केसमध्ये कॉन्ट्रॅक्टरतर्फे दुसरे एक जण साक्षीला उभे राहिले, आणि माझ्या आधीही दोघांना विचारून झालं होतं. म्हणजे मी तिसरा. मला तेव्हा हे माहीतसुद्धा नव्हतं.

आता यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. जे साक्षीला गेले त्यांनी रिबाउंड हॅमरचे आकडे दिले होते. हॅमर पृष्ठभागाचा कडकपणा मोजतो, आणि जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनमुळे कडक झालेला असला की आकडा चांगला दिसतो, आत काहीही असो. पण ती टेस्ट मान्यताप्राप्त आहे, सगळे वापरतात, आकडे खरे होते, आणि त्या माणसाला मनापासून खोदकामच कारण वाटत असणार. त्यांनी शपथेवर जे सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं नसेल. फक्त तीन रिपोर्ट कपाटात राहिले आणि चौथा कोर्टात गेला, आणि न्यायाधीशांसमोर चित्र काय, तर मालकाचा एक तज्ज्ञ, कॉन्ट्रॅक्टरचा एक तज्ज्ञ, मतभेद आहेत.

तज्ज्ञ साक्षीदार म्हटलं की लोक एकदम पैशांवर येतात. पैसे फेका आणि पाहिजे ते वदवून घ्या, असं सर्रास बोललं जातं. असे भाडोत्री लोक आहेत, नाही कशाला म्हणू. पण माझं म्हणणं असं की तो दुखण्याचा छोटा भाग आहे आणि त्यावर औषधही आहे. किती फी घेतली, याच बाजूने किती वेळा साक्ष दिली, हे सगळं उलटतपासणीत विचारता येतं आणि बरे वकील विचारतातच. फी दिसते. कोणाकोणाला विचारून सोडून दिलं ते दिसत नाही. प्रामाणिक तज्ज्ञांतून निवड करून अप्रामाणिक चित्र उभं करता येतं, आणि आजचे पुराव्याचे नियम बहुतेक सगळीकडे तिकडे पाठ करून उभे आहेत.

थोडं गणित करू, सोपंय. समजा एखाद्या प्रश्नावर त्या क्षेत्रातले 80 टक्के लोक एक बाजू घेतात आणि 20 टक्के दुसरी. सगळे प्रामाणिक, सगळे स्वतंत्रपणे विचार करणारे. दुबळ्या बाजूच्या वकिलाने एकालाच विचारलं तर त्याला हवं ते उत्तर मिळायची शक्यता 20 टक्के. पाच जणांना विचारलं तर एक तरी आपल्या बाजूचा निघायची शक्यता जवळपास 67 टक्के, आणि दहा जणांना विचारलं तर 89 च्या वर. कोणाला लाच दिली नाही, कोणाला एक शब्द बदलायला सांगितला नाही, फक्त फोन फिरवत राहिलं. आणि 80 विरुद्ध 20 चा प्रश्न कोर्टात पोचेपर्यंत एकास एक होऊन जातो, मग न्यायाधीश बिचारे दोन्ही तज्ज्ञांत कोण जास्त ठाम बोलला, कोण गडबडला, यावर तोलत बसतात.

हे मी आज शोधून काढलेलं नाही. इंग्लंडमधले न्यायाधीश जॉर्ज जेसल यांनी 1876 मध्ये, थॉर्न विरुद्ध वर्दिंग स्केटिंग रिंक या केसमध्ये हेच बोलून ठेवलंय. माणूस सहा तज्ज्ञांकडे जातो, तिघांचं मत बाजूने येतं, तिघांचं विरुद्ध, मग विरुद्धवाल्यांना त्यांची फी देऊन सोडून देतो आणि बाजूच्यांना म्हणतो या साक्षीला, आणि समोरचाही तेच करतो, असा त्यांचा सूर. वर त्यांनी ऐकलेली एक केस सांगितलीये, तिथे हवा तो एक माणूस सापडेपर्यंत अडुसष्ट जणांना विचारलं होतं. अडुसष्ट! तेव्हा फोनही नव्हता, पत्रं पाठवून किंवा बग्गीत बसून अडुसष्ट जण गाठले असतील. आता एका दुपारचं काम आहे.

मग या दीडशे वर्षांत नियम कुठे गेले? मजा बघा, सगळे नियम दारात उभे आहेत. जो तज्ज्ञ दाराशी आला त्याला आत घ्यायचं की नाही एवढंच विचारतात. 1782 मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यासमोर फोक्स विरुद्ध चॅड ही केस होती, एका बंधाऱ्यामुळे वेल्स नावाचं बंदर गाळाने भरलं का हा वाद, त्यात जॉन स्मीटन या इंजिनियरचं मत पुरावा म्हणून चालेल असं ठरलं. पक्षकाराने आणलेल्या तज्ज्ञाचं मत कोर्टात चालतं याची सुरुवात म्हणून वकील लोक हीच केस सांगतात. (आमच्या धंद्यातला माणूस पहिला, याचा मला जरा अभिमान वाटायचा, आता तेवढा वाटत नाही.) मग अमेरिकेत 1923 ची फ्राय केस, रक्तदाबावरून खोटं पकडायच्या टेस्टची, ती फौजदारी होती पण कसोटी सगळीकडे पसरली: ते शास्त्र त्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मान्य आहे का. 1993 मध्ये डॉबर्ट, बेन्डेक्टिन या औषधाने जन्मजात व्यंग होतं का हा दावा, आणि तिथे सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशालाच राखणदार केलं, पद्धत तपासून बघता येते का, इतर शास्त्रज्ञांनी तपासलीये का, चुकीचं प्रमाण किती, मान्यता किती, हे बघा म्हणाले. 1999 मध्ये कुम्हो टायरच्या केसने आम्हा इंजिनियर लोकांनाही त्याच चाळणीत घातलं. डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या तज्ज्ञांच्या साक्षीच्या नियम 702 मध्ये अजून पाचर मारली, की तज्ज्ञ आणणाऱ्यानेच दाखवायचं की हे मत कसोटीला उतरण्याची शक्यता न उतरण्यापेक्षा जास्त आहे.

चाळणी वाईट नाही, भोंदूगिरी अडते तिने. पण हॅमर टेस्ट या सगळ्या चाळण्यांतून आरामात जाईल. पद्धत तपासलेली, चुकीचं प्रमाण माहीत, मान्यता आहे. चाळणीला एवढंच कळतं की हा दाणा चांगला आहे. पोत्यातून नेमका हाच दाणा का उचलला, हा प्रश्न तिचा नाहीच.

इंग्लंडने दुसरा रस्ता धरला, तज्ज्ञाच्या सदसद्विवेकाचा. 1993 चीच इकारियन रीफर नावाच्या जहाजाची केस, त्यात न्यायमूर्ती क्रेसवेल यांनी तज्ज्ञाची कर्तव्यं मांडली, आणि 1999 पासून लागू झालेल्या दिवाणी नियमांच्या भाग 35 मध्ये स्पष्ट लिहिलं की तज्ज्ञाचं कर्तव्य कोर्टाशी, पैसे देणाऱ्याशी नंतर. रिपोर्टात सांगायचं की मला कामाच्या काय सूचना दिल्या होत्या, आणि या विषयावर मतांची रेंज असेल तर ती मांडून माझं मत त्यात कुठे बसतं आणि का, हेही. मला हे मनापासून आवडतं. पण परत तेच, मी तिसरा आहे हे मलाच माहीत नसेल तर मी शपथेवर काय सांगणार? चौथ्या माणसाने अशा रिपोर्टाखाली सही केली तरी ती खरीच सही.

तरी इंग्लंडच्या कोर्टांनी एक खरी कामाची गोष्ट केलीये आणि तिची चर्चा म्हणावी तेवढी होत नाही. 2003 ची बेक आणि 2005 ची वसिलिऊ या निकालांत त्यांनी असं धरलं की एका तज्ज्ञाला सोडून दुसरा आणायचा असेल आणि त्यासाठी कोर्टाची परवानगी लागत असेल, तर परवानगीची अट म्हणून पहिल्याचा रिपोर्ट समोरच्याला दाखवा. कारण साधं, एक्सपर्ट शॉपिंग, म्हणजे हवं ते मत मिळेपर्यंत तज्ज्ञ बदलत राहणं, चालणार नाही. 2011 मध्ये अजून एका निकालाने हे दावा दाखल व्हायच्या आधीच्या ठरलेल्या प्रक्रियेत घेतलेल्या रिपोर्टलाही लावलं. अर्थात त्या ठराविक प्रक्रियेच्याही बाहेर, पूर्ण खाजगीत कोणाला विचारलं असेल तर ते अजूनही झाकलेलंच राहतं. अमेरिका बरोब्बर उलटी गेली. ज्या तज्ज्ञाला साक्षीला आणायचं नाही त्याचं मत समोरच्याला अपवादात्मक परिस्थितीशिवाय मागताच येत नाही, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर तर साक्ष देणाऱ्या तज्ज्ञाच्या रिपोर्टचे कच्चे ड्राफ्टही झाकले गेले. वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहारातून बाहेर येतं ते फीबद्दलचं, वकिलाने पुरवलेल्या आणि मतासाठी विचारात घेतलेल्या माहितीबद्दलचं, आणि वकिलाने धरायला सांगितलेल्या गृहीतकांबद्दलचं, बस. फी उघडी ठेवली बघा. जिथे लोकांचं लक्ष आहे तेवढंच उघडं.

भारतात तर हा प्रश्न नियमांत आलाच नाहीये. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 45 आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 39 झालं, 1 जुलै 2024 पासून लागू, आणि त्यात "इतर कोणतंही क्षेत्र" असे शब्द घालून दार अजून रुंद केलं. मुरारी लाल केसमध्ये 1980 साली सुप्रीम कोर्टाने म्हटलेलं वाक्य वकील लोक नेहमी सांगतात, तज्ज्ञ साक्ष देतो, निर्णय देत नाही. छान वाक्य. पण निर्णय देणाऱ्यासमोर कोणती साक्ष येईल हे तिसराच कोणीतरी ठरवतो त्याचं काय?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे मग कोर्टानेच तज्ज्ञ नेमावा ना, भानगडच नको. जर्मनीत तसंच आहे, कोर्ट तज्ज्ञ निवडतं आणि न्यायाधीशावर जशी पक्षपाताची हरकत घेता येते तशी त्याच्यावरही घेता येते. भारतातही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 26 मध्ये शास्त्रीय तपासासाठी कमिशनर नेमायची सोय आहे. अमेरिकेत नियम 706 आहे पण क्वचित वापरतात, वापरला तर काय होतं त्याचं मोठं उदाहरण सिलिकॉन ब्रेस्ट इम्प्लांटच्या दाव्यांचं. हजारो दावे, दोन्हीकडे तज्ज्ञांच्या फौजा, शेवटी 1996 मध्ये न्यायाधीश सॅम पॉइंटर यांनी चार तटस्थ शास्त्रज्ञ नेमले आणि 1998 च्या शेवटी त्यांचा रिपोर्ट आला की संयोजी ऊतींच्या आजारांशी इम्प्लांटचा संबंध असल्याचा पुरावा दिसत नाही.

मी आधी याच मताचा होतो. आता नाही, निदान पूर्ण नाही. एकच तज्ज्ञ म्हटला की त्याचे पूर्वग्रह, तो कोणत्या स्कूलचा, हे सगळं तटस्थतेचा शिक्का मारून आत येतं आणि न्यायाधीश सहसा मान डोलावतात. 80 विरुद्ध 20 च्या प्रश्नात नेमका 20 वाला नेमला गेला तर? पाचात एकदा तसं होणारच. आणि तेव्हा ते तपासायला दोन्ही बाजूंना स्वतःचा माणूस लागेलच, म्हणजे परत फोन फिरवणं आलं. चार जणांचं पॅनल, दोन वर्षं काम, हे हजारो दाव्यांच्या प्रकरणात परवडतं, कॉलमच्या तड्यांच्या केसला कोण देणार?

ऑस्ट्रेलियात वाढलेली हॉट टबची पद्धत मला जास्त पटते. दोन्ही तज्ज्ञ एकाच वेळी शपथेवर शेजारी शेजारी बसतात, न्यायाधीश प्रश्न विचारतात, ते एकमेकांनाही विचारू शकतात. इंग्लंडनेही 2013 पासून ती नियमांत घेतली. तिथे मी शेजारी बसलो असतो आणि विचारलं असतं की कोअर का नाही काढला, तर त्या माणसाला वकिलाच्या आडून उत्तर देता आलं नसतं. पण मी शेजारी बसलो असतो तर! मी घरी होतो.

तर माझी मागणी काय. वैद्यकीय संशोधनात हाच रोग होता, औषध कंपन्या ट्रायल करायच्या, चांगला निकाल छापायच्या, वाईट निकाल ड्रॉवरमध्ये. त्यावर उपाय म्हणून कंपन्यांनी पैसे देऊच नयेत असं कोणी म्हटलं नाही, ते जमणारही नव्हतं. 2004 मध्ये मोठ्या मेडिकल जर्नल्सच्या संपादकांनी ठरवलं की ट्रायल सुरू होण्याआधी तिची नोंद केली असेल तरच आम्ही छापू. किती ट्रायल केल्या तो आकडा बाहेर आला की लपवणं आपोआप अवघड होतं. कोर्टात याच्या निम्मं तरी करा. जो पक्ष तज्ज्ञ साक्षीदार आणतो त्याने आणि त्याच्या वकिलाने सहीने सांगावं की याच प्रश्नावर आम्ही आधी किती जणांकडून मत घेतलं. रिपोर्ट नको, नावं नको, फक्त आकडा. आणि तज्ज्ञालाही तो आकडा आधी कळला पाहिजे, म्हणजे आपण चौथे आहोत हे माहीत असताना सही करायची की नाही ते तो ठरवेल. मी तर नक्कीच दोनदा विचार केला असता.

वकिलांची हरकत मला माहितीये, आणि ती हलकी नाही. अशिलाला आणि वकिलाला गुप्तपणे सल्ला घेता आला पाहिजे, नाहीतर ते स्वतःच्या केसमधले कच्चे दुवे तपासायलाच घाबरतील, आणि तपासलं नाही तर समझोतेही होणार नाहीत. हे खरंय. माझ्याच रिपोर्टमुळे कदाचित त्या कॉन्ट्रॅक्टरने मनातल्या मनात समझोत्याचा विचार केला असेल. म्हणून तर मी रिपोर्ट मागत नाहीये. खाजगीत विचारायचंय तर खुशाल विचारा, साक्षीला कोणालाच आणू नका, मग आकडाही देऊ नका. पण कोर्टासमोर "तज्ज्ञ असं म्हणतात" म्हणायचं असेल तर किती तज्ज्ञांतून हे आलं ते सांगायला काय हरकत आहे? आणि आकडा मोठा म्हणजे लबाडीच असंही नाही, कोणी वेळ नाही म्हणून नकार दिला असेल, कोणाचे हितसंबंध आडवे आले असतील. म्हणून मोजायचे ते फक्त ज्यांनी कागद बघून मत दिलं ते. आकडा तीन का आला ते वकिलाने समजावून सांगावं, न्यायाधीश काही दुधखुळे नसतात.

पळवाट निघेल, शंभर टक्के निघेल. "सर, लिहून नका देऊ, फोनवरच सांगा काय वाटतं," असं मला आजही विचारतात. त्यावर सहीचा बंधपत्रासारखा धाक आणि पकडलं गेल्यास खर्चाचा दणका, एवढंच करता येईल, बाकीचं सुटेल. सुटू दे. फीबद्दल खोटं बोलणारेही आहेत, म्हणून फी विचारायचं कोणी बंद केलेलं नाही.

एक गोष्ट मात्र फार खटकते म्हणून लिहितो. दहा जणांना विचारायला दहा जणांची फी लागते. म्हणजे हा खेळ ज्याचा खिसा खोल त्याचाच. माझ्या केसमधल्या मालकाने एकच इंजिनियर गाठला असणार, जो मिळाला तो, आणि त्याचं मत कॉन्ट्रॅक्टरच्या निवडून आणलेल्या मतासमोर सारख्याच तागडीत ठेवलं गेलं. ज्याचा आकडा एक आहे त्याला तो सांगायला अजिबात लाज वाटणार नाही, उलट तोच त्याचा सगळ्यात भारी पुरावा ठरेल.

नवीन कायदा लागणार नाही याला, रिपोर्टाखाली तज्ज्ञ जी घोषणा लिहून सही करतो तिच्यात अजून एक ओळ आणि शेजारी एक चौकोन. दोन अंकी आकडा मावेल एवढा ठेवा, अडुसष्ट त्यात बसतात.